पुअर गर्ल्सच्या यादीतलं नाव

'पुअर' हा इंग्रजी शब्द मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवला. सोपा शब्द. पुअर म्हणजे गरीब, हे मुली एका तासात पाठ करायच्या. मग मी फळ्यावर वाक्यं लिहायला घ्यायची आणि त्यांची पंचाईत व्हायची. पीक 'पुअर' आलं म्हणजे ते गरीब नव्हे, बेताचं. अक्षर 'पुअर' म्हणजे गिचमिड. तब्येत 'पुअर' म्हणजे तोळामासा. आणि 'पुअर फेलो' म्हणजे बिचारा. मग त्याच्या दारात मोटार का असेना. एकदा मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "बाई, म्हंजे श्रीमंत मानूसबी पुअर ऱ्हास का?" वर्ग खिदळला. मी म्हटलं, राहतो, त्याची बायको मेली तर राहतो. तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि असल्या उत्तरांवर मी फार खूश असायची.

शाळेबाहेरही हा शब्द फिरत असे. जिनिंगमधला पारखी चिमूटभर कापूस बोटांत ओढून बघायचा आणि 'पुअर' म्हणून बाजूला टाकायचा. कचेरीतले कारकून एखाद्या कुटुंबाबद्दल "पुअर आहेत हो" असं म्हणायचे, घरात क्षय असल्याचं सांगावं तसं आवाज उतरवून. आमच्या खानदेशात 'गरीब' या शब्दाची तरी कुठे एक तऱ्हा आहे! स्थळ बघायला आलेले लोक "पोर गरीब शे" असं कौतुकानं म्हणतात. म्हणजे उलटून बोलणार नाही, खाली मान घालून राबेल. गरीब सून सगळ्यांना हवी असते, गरिबाची कोणालाच नको असते. हे सगळं मी वर्गात हसत हसत सांगत असे. मी एरंडोलच्या मास्तरची मुलगी. आमच्याकडे चैन नव्हती, पण चूल रोज पेटायची. ज्याची पेटत नाही त्याच्याविषयी मला शब्दांपलीकडे काही माहीत नव्हतं.

मग तो मोठा दुष्काळ आला. पांझरेच्या पात्रात लोक हातभर खड्डे खणून वाटीनं पाणी उपसत. बाजारात ज्वारी दिसेना. रेशनवर तांबडी परदेशी ज्वारी, मिलो, यायची, तिची भाकरी तव्यावरच फुटायची. त्या वर्षी माझ्याकडे अकरावीचा वर्ग होता. अकरावी म्हणजे तेव्हाची मॅट्रिक.

त्या वर्गात एक मुलगी होती. उंच, सावळी, बोलायला कमी. तिचे वडील आचारी होते. लग्नाकार्यात पाचशे-हजार पानांचा स्वयंपाक करायचे. वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी करावी तर त्यांनीच, असं गावात म्हणत. मारवाडी व्यापाऱ्यांच्या घरी त्यांना महाराज म्हणत. मुलीला मॅट्रिक होऊन नर्सिंगला जायचं होतं. तिनं चौकशी करून ठेवली होती: मॅट्रिकचं सर्टिफिकेट हवं, वय अमुक हवं, मग राहणं-जेवणं फुकट आणि वर थोडा पगार. घरात पाठीवर तीन भावंडं होती. तिच्या बोलण्यात "मॅट्रिक झाल्यावर" हे दोन शब्द इतक्यांदा यायचे की मैत्रिणी तिला त्यावरून चिडवायच्या.

दुष्काळात लग्नं थांबली. जी झाली ती पाच माणसांत, देवळात उरकली. आचाऱ्याला कोण बोलावणार? हे मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. मला ते तिच्या वहीतून कळलं.

मी मुलींना 'माय मदर' असा निबंध दिला होता. बाकीच्या पस्तीस जणींच्या आया पहाटे उठणाऱ्या, देवभोळ्या आणि प्रेमळ होत्या. गाईडमध्ये होत्या तशा. हिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की माझी आई रोज संध्याकाळी तव्यावर थेंबभर तेल टाकते आणि एक लाल मिरची तडतडवते. गल्लीत वास जातो. मग आम्ही दार लावून घेतो आणि पाणी पितो. कधी भाकरी असते, कधी नसते. मिरची रोज असते. शेवटी लिहिलं होतं की हे माझ्या आईचं गुपित आहे आणि ती फार हुशार आहे.

ती वही मी दोनदा वाचली. रडूही आलं. मग व्याकरणाच्या नऊ चुका लाल शाईनं दाखवल्या, खाली 'ग्रामर पुअर' असा शेरा मारला, आणि मनाशी ठरवलं की या मुलीसाठी काहीतरी करायचं.

शाळेत 'पुअर गर्ल्स फंड' होता. गावातले एक कापडाचे व्यापारी आपल्या वडिलांच्या नावानं तो चालवत. राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेलं घराणं. माणूस खरोखर चांगला. दरवर्षी दहा मुलींच्या मॅट्रिकच्या फॉर्मची फी भरायचा आणि प्रत्येकीला निळ्या काठाचं पांढरं पातळ द्यायचा, कारण अकरावीच्या मुली शाळेत पातळ नेसत. यादी वर्गशिक्षिकेनं करायची. एरवी मुली किंवा त्यांचे पालक अर्ज द्यायचे. या मुलीचा अर्ज आला नव्हता. संकोच वाटत असेल, असं मला वाटलं. मी तिला न विचारता दहावं नाव तिचं घातलं आणि त्या दिवशी घरी जाताना स्वतःवरच इतकी खूश होते की वाटेत गजरा घेतला.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर समारंभ झाला. शाळेच्या अंगणात टेबल, त्यावर चादर, शेजारी फंडाचे शेठजी आणि त्यांची म्हातारी आई. मुख्याध्यापिकांना, आमच्या मोठ्या बाईंना, खोकला झाला होता म्हणून नावं मी वाचली. तिचं नाव उच्चारल्यावर ती जागची हलली नाही. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा उठली. सातशे मुलींतून चालत आली. पातळ घेताना तिनं दोन्ही हात पुढे केले, पण नजर माझ्यावर होती. मला वाटलं, कृतज्ञता असेल. माणसाला स्वतःच्या सोयीचं तेवढं दिसतं, दुसरं काय!

शेठजींच्या आईनं तिला ओळखलं. "अरे, ये तो अपने महाराज की छोरी है," असं मुलाला म्हणाली. शेठजींनी हळहळून मान हलवली. "बेटी, हमको सांगायचं ना," असं आपल्या सरमिसळ बोलीत म्हणाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ते पातळ. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. पुडकं टेबलाच्या अगदी कडेला ठेवलं. शेजारी मोठ्या बाई वह्या तपासत होत्या.

"बाई, आमनं काय चुकनं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चुकलं कुणाचंच नाही, मुलगी हुशार आहे, फीची सोय झाली, तुम्ही काळजी करू नका.

ते शांतपणे म्हणाले, "लगीनघरनी कोठीनी किल्ली मना हातमा ऱ्हास, बाई. तूपना डबा, साखर, काजू-बदाम, बठ्ठं मना ताबामा. आजलगून चिमूटभर साखर मी उचलेल नही. पन भुक्या मानूसना हातमा कोनी किल्ली देस का?"

मला तेव्हा कुठे उमगायला लागलं. आमच्या भागातली रीतच होती ती. लग्नघरी चार दिवस आधी सगळा शिधा एका खोलीत भरायचा, कुलूप लावायचं आणि किल्ली आचाऱ्याच्या जानव्याला किंवा करगोट्याला बांधून द्यायची. घरधनीसुद्धा मग त्याला विचारून आत जाणार. शेवटची पंगत उठेपर्यंत आचारी स्वतः जेवत नाही. त्याचं पोट भरलेलं आहे, या भरवशावर सगळं कार्य उभं असतं. तो भरवसा मी सातशे मुलींसमोर मोठ्यानं नाव वाचून घालवला होता. आणि शेठजींच्याच घरी मार्गशीर्षात लग्न होतं. त्या वर्षी गावातलं ते एकच मोठं कार्य, आणि त्याचं काम यांना सांगितलेलं होतं. ते म्हणाले, सकाळीच निरोप आला होता की महाराज, तुम्ही या वेळी आराम करा, आम्ही इंदूरहून माणसं बोलावली आहेत. बरोबर पाच शेर गहू पाठवले होते. ते वडिलांनी परत केले होते.

"मी शेठजींना भेटते," मी म्हटलं.

"नको. तुम्ही गयात म्हंजे आखो पक्कं व्हई जाई," ते म्हणाले. "तुम्ही प्रार्थनाले बठ्ठ्या पोरीसले सूचना वाचतस ना? तठे एकदाव सांगी द्या. नाव चुकीसन लिखायनं, दुसरी पोरनं व्हतं. पोरी घर जाईसन सांगतीन. गावमा व्हई जाई. इतलंच करा. मंग मी पोरले शाळामा धाडसू. फी मी भरसू, तव्हालोंग लगीननं काम परत मिळी."

केवढं छोटं मागणं! एक वाक्य. मी काय म्हणाले ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "पण भाऊ, ते खोटं होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, आश्चर्यानं. "खोटं शे, बाई. मंग? मना घरनं खरं मना घरमा ऱ्हाऊ द्या."

त्यांनी हात जोडले आणि गेले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "सांगून टाक गं," त्या म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची असते. तू उघडलीस, आता तूच झाक." मी म्हटलं, मुलींना रोज खरं बोला म्हणून शिकवायचं आणि आपणच प्रार्थनेला उभं राहून खोटं बोलायचं का? शिवाय ते लोक गरीब आहेत ही वस्तुस्थिती आहे, त्यात लाजायचं काय? मी बरंच काही बोलले. त्यात दारिद्र्य हा गुन्हा नव्हे, असंही एक वाक्य होतं. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं तू ठरव. पण फॉर्मची तारीख जवळ आहे."

तत्त्वाची सबब होती. खरी गोष्ट अशी की 'माझी चूक झाली' हे मला सगळ्यांसमोर म्हणवत नव्हतं. शाळेत येऊन मला दीडच वर्ष झालं होतं. इंग्रजीची बाई म्हणून माझा वचक होता. यादीत चूक केली असं सांगितलं असतं तर शेठजींना काय वाटलं असतं, संस्थेचे लोक काय म्हणाले असते, याचाच हिशेब मी करत बसायची. त्या माणसाला चार लोकांत अब्रू होती तशी मलाही होती. मी माझी सांभाळली.

मुलगी दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पहिले काही दिवस मी हजेरी घेताना तिच्या नावापाशी थांबायची. त्यांची गल्ली शाळेपासून दहा मिनिटांवर होती. उद्या जाऊ, रविवारी जाऊ, असं मी करत राहिले. गेले असते तर काय बोलले असते? 'सांगते' म्हणायचं नसेल तर जायचं कशाला? फॉर्मची शेवटची तारीख आली. पस्तीस फॉर्म भरून झाले होते. छत्तिसावा कोरा फॉर्म मी संध्याकाळी साडेपाचपर्यंत टेबलावर ठेवला, मग कपाटात टाकला आणि गठ्ठ्याला दोरी बांधली. त्या रात्री मला झोप लागली. खोटं कशाला सांगू?

पुढे माघात मला शिरपूरला एका नात्यातल्या बारशाला जायचं होतं. एस. टी. अर्ध्या वाटेवर तापली. ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधायला गेला आणि आम्ही सगळे उतरलो. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होतं. शेकडो माणसं खडी फोडत होती. पागोटेवाले होते, टोपीवाले होते, नाकात नथ असलेल्या बायका होत्या, सातपुड्यातून उतरलेले भिल्ल होते. ठक ठक असा एकच आवाज, आणि वर पांढरी धूळ. मी पदर नाकाला लावून उभी होते.

"बाई."

ती उठून उभी राहिली होती. वर्गात शिक्षिका आली की उठतात तशी, हातोडी हातात असताना. बोटांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. केस धुळीनं पांढरे. पलीकडे तिची आई बसली होती. हातात काचेची बांगडीसुद्धा नव्हती, नुसती लंकेची पार्वती. वडील पाठमोरे होते. त्यांनी मला पाहिलं असावं, कारण त्यांची हातोडी थांबली. पण त्यांनी मान वळवली नाही. हजार पानांना वाढणारा तो माणूस दगडाच्या ढिगापाशी कसा दिसत होता, ते मला लिहिता येत नाही.

मी घाईघाईनं बोलायला लागले. म्हटलं, माझं चुकलं. म्हटलं, उद्याच प्रार्थनेला सांगते, सगळ्यांसमोर सांगते, तू परत ये. इतक्या महिन्यांत जे वाक्य जमलं नव्हतं ते तिथे रस्त्यावर, चार अनोळखी बायांसमोर, धडाधड तोंडातून बाहेर पडत होतं.

ती म्हणाली, "आते नका सांगू, बाई. फारमनी तारीख गई ना."

"पुढच्या वर्षी बस. फी मी भरते."

"पुढला साल मनं लगीन शे. आठेच जमनं, कामवर. पोऱ्या मुकादमना भाचा शे." तिनं हे साधेपणानं सांगितलं, जसं एखादीनं घरी पाहुणे आलेत म्हणून सांगावं.

मी विचारलं, "शेवटच्या दिवशी मी साडेपाचपर्यंत वाट पाहिली तुझी. का नाही आलीस?"

"उनी व्हती ना," ती म्हणाली.

"कुठे? मला दिसली नाहीस."

"भाहेर. कंपाउंडना भाहेर, चिंचखाले. मी रोज येत व्हती, बाई. प्रार्थना चालू व्हये तव्हय येत व्हती. बा सांगे, बाईनी सांगं का तू मझार जा, वर्गमा. तुमना आवाज भाहेर आयकू ये. मी मनमा म्हनू, आज सांगतीन. तारीख सरेपर्यंत उनी. मंग नही उनी."

मुकादमानं शिटी मारली. ती पटकन खाली बसली आणि पुढचा दगड पायापाशी ओढला. ड्रायव्हर पाणी घेऊन आला होता, कंडक्टर घंटी वाजवत होता. मी गाडीत बसले.

बारशाला गेले, जेवले, पाळण्याची दोरीही धरली. मधूनमधून मी त्या दिवसांतल्या प्रार्थनेच्या वेळच्या सूचना आठवायचा प्रयत्न करत होते, आणि त्या सगळ्या आठवत गेल्या. कुणाची तरी कंपासपेटी सापडली आहे, ऑफिसातून घेऊन जावी. नळाला पाणी सकाळी अर्धाच तास येईल. सोमवारी नखं तपासली जातील. आठवी ब च्या मुलींनी खिडकीची काच कुणी फोडली ते सांगावं, खरं सांगणारीला शिक्षा होणार नाही. भिंतीपलीकडे ऐकू जावा इतक्या मोठ्या, स्वच्छ आवाजात मी रोज सकाळी हे वाचत होते, आणि वाचून झालं की कागदाची घडी घालून "बसा" म्हणत होते.